दोष शोधणे आणि दोष देणे

आपल्या मराठीत ‘दोष’ हा शब्द मोठा सोयीचा आहे, आणि तितकाच घातकी. यंत्रात दोष असतो, धान्यात दोष असतो, आणि माणसालाही आपण दोष देतो. पहिल्या दोन ठिकाणी त्याचा अर्थ उणीव. तिसऱ्या ठिकाणी तो एकदम अपराध होऊन बसतो. दूध उतू गेले की ‘गॅस कोणी मोठा ठेवला?’ हा प्रश्न आधी येतो. पातेल्याकडे मागाहून लक्ष जाते.

नीतिशास्त्राच्या ग्रंथांशी माझी ओळख बेताचीच. हे दोन दोष वेगळे ओळखण्याचा धडा मला मिळाला तो घरी धुतलेल्या कृष्णधवल फिल्मपासून. मोबाइलच्या या दिवसांत असा खटाटोप करणारे थोडेच. पण माझ्या वर्गातल्या दोन मुलांना तो नाद लागला होता. एकाला आजोबांचा कॅमेरा सापडला. त्याने आजीचे फोटो काढले. दुसऱ्याने न्हाणीघरात अंधार करून रोल धुतला. फिल्म निघाली ती काचेसारखी कोरी! पुढे श्रावणात आजी गेली, आणि ‘तूच माझी आजी पुसलीस’ असे पहिला दुसऱ्याला भर वर्गात म्हणाला. वर्ग अर्थातच पहिल्याच्या बाजूचा. दुःख ज्याचे, न्यायही त्याचाच, असे आपण धरूनच चालतो.

मी ती फिल्म मागवून घेतली. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. प्रकाश पडला की त्यावर डोळ्यांना न दिसणारे चित्र उमटते. डेव्हलपर ते काळ्या चांदीच्या रूपाने प्रकट करतो, आणि हायपो उरलेले क्षार विरघळवून ते कायम करतो. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच टिपला होता. क्रम चुकून हायपो आधी ओतला, किंवा डेव्हलपर मेलेला असला, तर फिल्म कोरीच निघणार. धुणाऱ्या मुलावर संशय यावा, हे म्हणून अगदीच गैर नव्हते.

पण फिल्मला एक साक्षीदार असतो. छिद्रांच्या ओळीलगत कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले आकडे आणि अक्षरे असतात. तीही डेव्हलपरवाचून दिसत नाहीत. कडेचे आकडेही नाहीत आणि चित्रेही नाहीत, तर धुण्यात बिघाड; आकडे ठसठशीत पण चित्रे नाहीत, तर फिल्मवर प्रकाश पडलाच नाही. या फिल्मवर आकडे लख्ख होते. कॅमेऱ्यातल्या रिळावरून फिल्मची जीभ निसटलेली असावी. खटका फिरत राहिला आणि फिल्म जागची हललीच नाही.

खरा नैतिक प्रश्न इथून पुढे सुरू होतो. कारण सापडले, आता दोष एकाच्या डोक्यावरून उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा का? आजी गमावलेल्या मुलाला ‘आता भोग’ म्हणायचे का? की ‘जाऊ द्या, कोणाचीच चूक नाही’ म्हणून पडदा टाकायचा?

पडदा टाकणे मला पटले नाही. ज्याच्यावर आळ आला, त्याचे देणे राहतेच. आळ चारचौघांत घेतला, तर तो चारचौघांतच परत घेतला पाहिजे. कानात सांगून ते देणे फिटत नाही. दोष मात्र कोणाला तरी दिलाच पाहिजे, असे कोणाचेही देणे नसते. तसे केल्याने जबाबदारी सुटत नाही. ती पुढच्या रोलकडे वळते. खटका फिरवताना दुसऱ्या बाजूची गुंडाळण्याची कळ फिरते की नाही, एवढे पाहायला त्या मुलाला शिकवले, की जबाबदारीचे काम झाले. उलट त्याच्या हाताला कंप भरवला, तर पुढचा रोलही वाया.

माणसांच्या व्यवहारात कडेचे आकडे नसतात, असे कोणी म्हणेल. खरे आहे. कोरी उत्तरपत्रिका हाती आली की, मुलाच्या मनावर काही उमटलेच नाही, की आम्हांलाच ते प्रकट करता आले नाही, हे सांगणारा साक्षीदार मास्तरांपुढे उभा राहत नाही. मग निदान डेव्हलपर तपासण्याची रीत तरी उचलावी. रोल घालण्याआधी फिल्मचा एक तुकडा उजेडातच डेव्हलपरमध्ये टाकतात. काही मिनिटांत तो काळा झाला तर औषध जिवंत. मुलाला फळ्यापाशी बोलावून तोंडी एक प्रश्न विचारणे, याला कितीसा वेळ लागतो? आणि प्रत्येक बिघाड कायमचा नसतो. फिल्म दुधाळ दिसली, तर हायपो कमी पडलेला असतो. ती ताज्या हायपोत पुन्हा घातली की बहुधा निवळते. तिला कचऱ्यात टाकणारा घाईचाच म्हणायचा.

दिवाळीच्या घरात या शहाणपणाची गरज थोडी अधिकच भासते. चकली तेलात विरघळली, तर मोहन जास्त झाले का, हे पाहावे. सुनेचे माहेर कोठले, हे पाहू नये.