सुधारणेचे ओझे

चूक सुधारावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. माझ्यासारखे शिक्षक तर मुलांना हे रोज सांगतात. पण ज्या चुकीवर चारचौघांनी विश्वासाने घरे बांधली, ती सुधारू जाता त्या घरांना तडे जातात, हे आम्ही सहसा सांगत नाही. मग ते तडे बुजवण्याचा खर्च कोणी सोसायचा? सुधारणाऱ्याने, की घरात राहणाऱ्याने?

या प्रश्नाचे एक चांगले उदाहरण मला संगणकाच्या जगात सापडले. त्या धंद्यात असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते मला उलगडून सांगितले. संगणकाला आज्ञा देण्याच्या ज्या भाषा आहेत, त्यांत ‘पायथॉन’ ही एक. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रचलेला ‘जँगो’ नावाचा एक सांगाडा आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत तो जन्मला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. संकेतस्थळ उभारणाऱ्याला पाया, खांब, तुळया त्यात आयत्या मिळतात. दाम पडत नाही. कोणीही तो उघडून पाहावा, दुरुस्त करावा.

पायथॉनमध्ये मात्र एक जुनी खोड होती. अक्षर आणि ते साठवायला लागणारी जागा यांत ती गल्लत करी. ‘मराठी’ हा शब्द घ्या. काना आणि वेलांटी सुटी धरली तर त्यात पाच चिन्हे. संगणकाच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन ‘बाइट’ जागा लागते. जुन्या पायथॉनला या शब्दाची लांबी साधेपणाने विचारली, तर उत्तर येई पंधरा! त्यातले चार मोजून तोडले तर ‘म’ शाबूत राही आणि ‘र’चे दोन तुकडे होत. इंग्रजीच्या एका अक्षराला एकच बाइट पुरतो, म्हणून इंग्रजी लिहिणाऱ्याला ही खोड जाणवतही नसे. ती जाचे ती तुम्हांआम्हांला.

डिसेंबर २००८ मध्ये भाषेची तिसरी आवृत्ती निघाली आणि हा दोष मुळापासून काढला गेला. पण जुने लिखाण तिच्यात जसेच्या तसे चालेना. सातला दोनने भागले तर पूर्वी तीन येत, आता साडेतीन येऊ लागले. सुधारणा खरी होती, आणि मोडतोडही खरी होती.

आता जँगो सांभाळणाऱ्यांनी काय करावे? जुन्यालाच धरून बसावे, तर चूक अमर होते. एका रात्रीत पलीकडे उडी घ्यावी, तर ज्यांनी त्यांच्या भरवशावर कामे उभारली ते अलीकडच्या तीरावर राहतात. कोणी म्हणेल, फुकट घेणाऱ्याचा हक्क तो काय! मला हे पटत नाही. ‘या, आमच्यावर विसंबा,’ असे एकदा म्हटले, की पैशांचा व्यवहार नसला तरी शब्दाचा व्यवहार झालेलाच असतो.

त्यांनी तिसरी वाट धरली. एकच लिखाण दोन्ही आवृत्त्यांत चालेल असे करायचे. त्यासाठी ‘सिक्स’ नावाचे एक दुभाषी साधन त्यांनी पोटात घेतले. दोन गुणिले तीन सहा, म्हणून ते नाव. फेब्रुवारी २०१३ च्या आवृत्तीत नवे पायथॉन प्रयोगादाखल आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते पक्के झाले. त्यानंतर चार वर्षे दोन्ही संसार एकाच छपराखाली चालले. प्रत्येक ओळ दोनदा तपासायची, आणि तीही बहुतेकांनी आपल्या फावल्या वेळात!

पण मला अधिक मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. हे ओझे त्यांनी कायमचे वाहिले नाही. एप्रिल २०१७ ची आवृत्ती जुन्या पायथॉनसाठी शेवटची ठरली. तिची देखभाल तीन वर्षे करू, असे सांगितले आणि तसे केले. डिसेंबर २०१७ पासून पुढचा जँगो केवळ नव्या भाषेचा झाला. खुद्द पायथॉनच्या कर्त्यांनीही जुन्या आवृत्तीची मुदत २०१५ वरून २०२० पर्यंत वाढवली आणि मग तिला निरोप दिला.

मागे राहिलेल्यांसाठी थांबणे ही दया आहे. पण अनंत काळ थांबणे ही पुढे गेलेल्यांवर आणि ओझे वाहणाऱ्यांवर केलेली जबरदस्ती होय. म्हणून मला वाटते, सुधारणेचा पहिला खर्च सुधारणाऱ्यानेच उचलावा, कारण वाट त्याला ठाऊक असते. त्याने मुदत स्पष्ट सांगावी आणि ती पाळावी. मुदत संपल्यावर मात्र उरलेले चार पावलांचे अंतर ज्याचे त्याने चालावे. घरात जुनी रीत मोडताना सुना-मुलांनी, आणि जुनी रीत धरून बसलेल्या वडीलधाऱ्यांनीही, एवढा हिशेब मांडला तर कितीतरी भांडणे सामोपचाराने मिटतील.