कानस खाली ठेव!

बस. आधी ते फडक्यातलं टेबलावर ठेव, नळीचं तोंड भिंतीकडे. रिकामं आहे म्हणतोस? गज घालून पाहिलंस? ठासणीच्या जुन्या नळीत दारू-गोळी वर्षानुवर्षं तशीच दडून बसलेली असते. ते तपासायला तुला सवड झाली नाही, कानस फिरवायला मात्र झाली.

काल फोनवर केवढा ओरडत होतास! ‘सर, अमेरिकन! हार्पर्स फेरी, १८०५चं मॉडेल!’ अरे, ते पिस्तूल अमेरिकेच्या सरकारी कारखान्यात १८०६ ते १८०८ या काळात बनलं, जेमतेम चार हजार. त्यातलं एक बीडच्या भंगारात किलोच्या भावाने तुझी वाट बघत पडलं होतं, होय? त्याचं लाकूड निम्म्यातच संपतं, पुढची नळी उघडी असते. याचं लाकूड बघ, थेट तोंडापर्यंत गेलंय. फोटो बघून एवढंही कळलं नाही?

आणि घोड्याखालच्या पट्टीवरचा हा गरुड? कडा अजून चकाकतायत. ठसा मारून आणलास ना? मान वर कर. आता पट्टी खिडकीशी धर, तिरपी. कानशीतून वाचलेली ती रेघ दिसते? बदामाचा आकार, आत कप्पे. ईस्ट इंडिया कंपनीची खूण आहे ती. मालाच्या गाठोड्यांवर मारायची तीच शस्त्रांवरही मारत. १८०८च्या सुमारास तिच्या जागी सिंह आला, म्हणजे वस्तू बहुधा त्याआधीची. निजामाने १७९८ साली कंपनीची तैनाती फौज पत्करली, आणि आपला जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. हे पिस्तूल इथवर कसं आलं असेल, याचा विचार करायला केवढी जागा होती! तो धागाच तू कानसून टाकलास. गंज परवडला असता रे.

परदेशी मॉडेलांचे आकडे तुला तोंडपाठ. गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन विचारलं तर? शनीला तेल घालून येतोस तेच. १० ऑगस्ट १७६३ला तिथे अठरा वर्षांच्या माधवरावांनी निजामाच्या फौजेला लोळवलं, दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. मी वर्गात दोन तास शिकवलं होतं. तू तेव्हाही खिडकीबाहेरच बघत होतास.

‘पुरातन वस्तूला परवाना लागत नाही’ म्हणे! अर्धंच वाचायची खोड गेली नाही तुझी. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४५. सूट आहे ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुन्या शस्त्राला. आणि तू काय केलंस? नवी गार बसवलीस, कमान बदललीस, चाप ओढला की ठिणगी पडते म्हणून व्हिडिओ काढलास. ज्या जिल्ह्यात २०२५मध्ये शस्त्रपरवाने रद्द करायची पाळी आली, तिथे हा ठिणग्यांचा तमाशा!

रडू नकोस, कागद घे. भंगारवाल्याला हे कुठल्या वाड्यातून मिळालं, कधी, सोबत आणखी काय होतं, सगळं लिही. ठसा तू मारलास तेही लिही, तारखेसकट, म्हणजे उद्या कुणी हे अमेरिकन म्हणून विकणार नाही. मग आपण दोघं पोलीस ठाण्यात जाऊ. बोलायचं तू, मी नुसता बाकावर बसेन.

कानस दे इकडे.