कल्ल्याची पेशी आणि कुकडीतला मासा

इंद्रधनुषी ट्राउट माशाच्या कल्ल्यांतून मिळवलेल्या 'आरटीगिल-डब्ल्यू१' या पेशीवंशावर रसायनांचा विषारीपणा तपासण्याची पद्धत 'ओईसीडी' या आंतरराष्ट्रीय संघटनेने जून २०२१ मध्ये मार्गदर्शिका क्र. २४९ म्हणून स्वीकारली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात रुजलेल्या या पेशी खाचांच्या तबकडीत, १९ अंश सेल्सिअसला, रसायनाच्या वाढत्या मात्रांत २४ तास ठेवतात. मग तीन रंगद्रव्ये घालतात. एकावरून पेशीची चयापचय-क्रिया कळते, दुसऱ्यावरून तिचे आवरण शाबूत आहे का ते, तिसऱ्यावरून तिच्यातील पाचक कोशांची अवस्था. जुन्या पद्धतीत (क्र. २०३) पाच मात्रांसाठी आणि तुलनेसाठी मिळून किमान ४२ मासे लागतात आणि ९६ तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा काढली जाते.

पेशींच्या पद्धतीवर सर्रास घेतला जाणारा आक्षेप म्हणजे 'पेशी म्हणजे मासा नव्हे'. तो खरा आहे, पण उथळ आहे. काचेच्या टाकीतला, स्वच्छ पाण्यातला, चार दिवस उपाशी ठेवलेला मासा तरी कुठे पुणे जिल्ह्यातल्या कुकडी नदीतला मासा असतो? तिथल्या माशाला गढूळ पाणी, उन्हाळ्यातला कमी प्राणवायू आणि एकाच वेळी फवारणीच्या अनेक औषधांचे अवशेष सोसावे लागतात. टाकीतला मासा हासुद्धा प्रतिनिधीच. प्रतिनिधी अपुरा आहे एवढ्यावरून एकाला बाद करायचे आणि दुसऱ्याला प्रमाण मानायचे, ही सवय आहे. तिला शास्त्र म्हणता येत नाही. केवळ भूतदयेवर उभा असलेला पेशी-चाचणीचा पुरस्कारही तितकाच अपुरा.

खरा भेद विषाच्या आघाताच्या जागेचा आहे. त्याच भागातल्या जुन्नर-आंबेगावच्या द्राक्षबागांत केवडा रोगासाठी मोरचुदाचे बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातले तांबे पाण्यात उतरले तर माशाच्या कल्ल्यावरच घाला घालते आणि सोडियमचे शोषण बिघडवते. असे विष कल्ल्याच्या पेशीला कळू शकते. मात्र माध्यमातले क्षार गोड्या पाण्याच्या जवळचे हवेत, नाहीतर तांब्याचा जोर कमी दिसतो. फुलकिडे, उडद्यांवर मारल्या जाणाऱ्या लॅम्बडा-सायहॅलोथ्रिनची गोष्ट निराळी. ते मज्जातंतूंच्या सोडियम-मार्गिका उघड्या ठेवते. मासा अत्यल्प मात्रेत मरतो, कल्ल्याची पेशी मात्र त्या मात्रेत तग धरते. मज्जासंस्थेवर घाव घालणाऱ्या विषांची तीव्रता या चाचणीत कमी दिसू शकते, हे मार्गदर्शिकेतच नमूद आहे. म्हणून 'बहुतेक रसायनांत पेशीचे आणि माशाचे निकाल जुळतात' हे सरासरीचे समाधान फवारणीच्या प्रदेशात पुरत नाही. न जुळणाऱ्या थोड्या रसायनांत इथली नित्याची औषधे येतात.

भारतात १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांखालील सांडपाण्याचे सर्वसाधारण मानक आजही जिवंत माशावर उभे आहे: शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत. पेशींवरच्या चाचणीची सामग्री देशात नाही असेही नाही. तमिळनाडूत मेलविशारमच्या सी. अब्दुल हकीम महाविद्यालयात कटला आणि रोहूच्या कल्ल्यांचे पेशीवंश तयार झाले आणि कटल्याच्या पेशींवर कातडी कारखान्यांचे सांडपाणी तपासले गेले. धरणांच्या जलाशयांत मत्स्यबीज सोडतात ते याच जातींचे. आंबेगाव तालुक्यातल्या डिंभे धरणाच्या जलाशयावर धरणग्रस्त आदिवासींची मच्छीमार संस्था उभी आहे; तिचे पोट थंड पाण्यातल्या ट्राउटवर चालत नाही.

तेव्हा क्रम असा हवा: आधी रसायनाच्या आघाताची जागा ठरवावी, कल्ल्यावर किंवा सर्वच पेशींवर घाव घालणाऱ्या विषांसाठी कल्ल्याच्या पेशींचा निकाल पुरेसा मानावा, मज्जातंतूंच्या विषांसाठी माशाच्या मज्जातंतू-पेशींची किंवा भ्रूणाची चाचणी जोडावी. त्यानंतरही शंका उरली, तरच जिवंत मासा.