पत्ता कोणी दिला?

सोमवारी सकाळी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये "सर, नेट नाहीये" अशी हाक आली की लॅब असिस्टंट आधी केबल हलवून बघतो. मग मशीन बंद करून चालू करतो. तरीही पिवळा त्रिकोण हटला नाही, की नाइलाजाने काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करतो. समोर आकडा येतो, 169.254.37.112. जाणकार माणूस पहिल्या दोन आकड्यांवरच थांबतो, पुढचे वाचायची त्याला गरज नसते. मशीनने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच स्वतःला एक पत्ता बहाल केला, एवढी सगळी हकिकत त्या दोन आकड्यांत असते.

या स्वयंघोषित पत्त्यालाही नियम आहेत. 2005 सालच्या आरएफसी 3927 या दस्तऐवजात ते रीतसर लिहून ठेवलेले आहेत. मशीन 169.254 च्या पट्ट्यातला एखादा आकडा चिठ्ठी उचलल्यासारखा उचलते, "हा कोणी वापरतंय का?" म्हणून आसपास विचारते आणि कोणी हरकत घेतली नाही तर तोच लावून बसते. शेजारचे मशीनही त्याच अवस्थेत असेल तर दोघांचे आपसात छान जमते, फाइलसुद्धा इकडची तिकडे जाते. राउटर मात्र असली पाकिटे पुढे नेत नाही. लॅबच्या भिंतीपलीकडच्या जगासाठी ते मशीन अस्तित्वातच नसते.

'मी कोण?' हा प्रश्न आत डोकावून सोडवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. रमण महर्षींनी तर या एका प्रश्नालाच साधनेचे रूप दिले. नेटवर्कच्या दुनियेत हा मार्ग पहिल्याच पावलाला अडतो. मशीन उघडून आत कितीही शोधा, पत्ता आत सापडत नाही. तो बाहेरून यावा लागतो. मग विचारायचे उरते ते हे, की पत्ता देणारा कोण आणि त्याचे का ऐकायचे?

देण्याची रीत ठरली ती डीएचसीपी या नावाने. तिचा आज चालणारा मूळ मसुदा बकनेल विद्यापीठातल्या राल्फ ड्रोम्स यांनी लिहिला, मार्च 1997 मध्ये, आरएफसी 2131 म्हणून. क्लासमध्ये पोरे तो 'डोरा' या चार अक्षरांत पाठ करतात, डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक. त्यातला पहिला टप्पा जरा थांबून बघण्यासारखा आहे. नव्याने जागे झालेल्या मशीनला स्वतःचा पत्ता नाही आणि देणाऱ्याचाही ठाऊक नाही. तरी पत्र तर पाठवायचे आहे. मग ते पाठवणाऱ्याच्या जागी 0.0.0.0 लिहिते आणि घेणाऱ्याच्या जागी 255.255.255.255, म्हणजे सगळ्यांना. वाड्याच्या चौकात उभे राहून एखाद्या परगावच्या माणसाने "अहो, इथे कोणी खोली देतं का?" अशी हाळी द्यावी, तसे. शून्याने सर्वांना घातलेली साद म्हटले की एखाद्या उपनिषदाची आठवण व्हावी, पण इथे ती यूडीपीच्या 67 क्रमांकाच्या पोर्टवर जाते.

ही हाळी चौकाबाहेर जात नाही, हे पुष्कळ बिघाडांचे मूळ असते. पत्ते देणारा सर्व्हर दुसऱ्या इमारतीत असेल आणि मधल्या राउटरला 'निरोप पुढे पोचव' असे कोणी सांगून ठेवले नसेल, तर मशीन ओरडत राहते आणि सर्व्हर निवांत असतो. कधी स्विचच बहिरा असतो. केबल लावल्यावर तो पोर्ट आधी पंधरा सेकंद ऐकतो, पुढचे पंधरा सेकंद शिकतो, आणि तेवढ्यात मशीन कंटाळून 169.254 लावून मोकळे होते. काही वेळाने सगळे आपोआप सुरळीत झाले की असिस्टंट म्हणतो, "बघा, मी हात लावला आणि चालू झालं."

आता पत्ता मिळाला, असे धरू. तो मालकीचा नसतो, लीजवर असतो. महाराष्ट्रात भाड्याने राहिलेल्या माणसाला अकरा महिन्यांचा करार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. इथले करार फार छोटे. विंडोज सर्व्हर ठरवून दिल्याशिवाय आठ दिवसांची लीज देतो. अर्धी मुदत संपली, म्हणजे चौथा दिवस संपला, की मशीन घरमालकाला गुपचूप विचारते, "मुदत वाढवाल का?" उत्तर नाही आले तर सात-अष्टमांश मुदतीला, म्हणजे सातवा दिवस संपला की, ते पुन्हा चौकात येऊन कोणाही देणाऱ्याला साद घालते. आठवा दिवस संपला की पत्ता खाली करावा लागतो. यातून एक मजेशीर बिघाड जन्मतो. सर्व्हर शुक्रवारी मरतो आणि सोमवारी बहुतेक मशीन व्यवस्थित चालतात, कारण त्यांची मुदत बाकी असते. नवीन आलेला लॅपटॉप तेवढा रडतो आणि सगळे त्या लॅपटॉपलाच दोष देतात.

पत्ता सुटतो, बदलतो, पुन्हा मिळतो, मग या सगळ्यात 'तेच' मशीन म्हणजे नक्की काय? हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे आणि तो एका राजाने विचारला होता. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला नाव विचारतो. लोक मला नागसेन म्हणतात खरे, पण ते फक्त व्यवहारापुरते नाव आहे, त्यामागे कोणी व्यक्ती सापडत नाही, असे भिक्खू सांगतो. राजा वैतागतो. तेव्हा भिक्खू विचारतो, आपण कशाने आलात? रथाने. मग दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? राजाला एकेकाला नाही म्हणावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेत सुरू केलेले कॉलेज पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि त्याचा परिसर नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचीही नावे एकाच आवारात नांदतात.

रथाची ही युक्ती मशीनला लावून पाहिली तर कोणी चटकन मॅक अ‍ॅड्रेस पुढे करील. 48 बिटांचा हा क्रमांक कारखान्यातच नेटवर्क कार्डावर कोरलेला, तोच या मशीनचा आत्मा. बरीच वर्षे हे खपलेही. मग 2019 मध्ये अँड्रॉइड 10 आणि 2020 मध्ये आयओएस 14 आले आणि फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक दाखवू लागले, माग काढणाऱ्यांना चकवण्यासाठी. कोरलेला आत्मा वेषांतर करू लागला. प्राचार्यांच्या फोनसाठी त्याच्या मॅकवरून एक पत्ता राखून ठेवलेला असतो, फोन अपडेट होतो आणि सर्व्हर त्याला ओळखच देत नाही. सर्व्हरच्या लेखी तो कोणी अनोळखी पाहुणा असतो.

पण सगळ्यात अवघड बिघाड वेगळाच. त्यात पत्ता मिळतो, झटकन मिळतो, आणि तो चुकीचा असतो. अर्धी लॅब चालते, अर्धी नाही. बंद पडलेल्या मशीनवर 192.168.0.104 असा सभ्य दिसणारा आकडा असतो, आणि कॉलेजचे सगळे पत्ते तर 10 ने सुरू होणारे. म्हणजे चौकात दुसराच कोणी घरमालक उभा आहे. मशीन सहसा ज्याची ऑफर पहिली येईल त्याची स्वीकारते, आणि जवळचा बहुधा आधी बोलतो.

मग कोणाचा शब्द मानायचा? इथे न्यायशास्त्र कामाला येते. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार प्रमाणे सांगितली आहेत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर. भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताची कसोटी दिली. ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखीच लागू, असेही त्याने नोंदवले. कुळ पाहू नका, ज्ञान पाहा, हे इतक्या जुन्या काळी इतक्या कोरडेपणाने सांगितलेले वाचून आजही बरे वाटते.

चौकातला तो दुसरा घरमालक, म्हणजे आपला तोतया राउटर, खोटारडा नाही. मनापासून मदत करतोय बिचारा. वात्स्यायनाच्या दोन अटींपैकी दुसरी तो पूर्ण करतो, अडतो पहिल्या अटीवर. या नेटवर्कची त्याला काडीची माहिती नाही, तरी सल्ला देतो. असे सल्लागार प्रत्येक घरात एक तरी असतात. आणि पत्ता मागणाऱ्या मशीनपाशी कसोटी लावायचे साधनच नाही. अनधिकृत सर्व्हर सहज उभा करता येईल, हे आरएफसी 2131 मध्येच कबूल केलेले आहे. 2001 साली ओळख पटवण्याची एक पद्धत सुचवली गेली, ती फारशी कोणी वापरली नाही.

म्हणून शोध माणसालाच घ्यावा लागतो, आणि तो अनुमानाने. 'आयपीकॉन्फिग'ला 'ऑल' जोडले की पत्ता कोणी दिला ती ओळ दिसते, 192.168.0.1. मग 'एआरपी -ए'. त्यात त्या पत्त्याचा मॅक मिळतो आणि मॅकच्या पहिल्या अर्ध्या भागावरून बनवणारी कंपनी कळते. ही कंपनी घरगुती राउटर बनवणारी निघते. इथेच असिस्टंटच्या चेहऱ्यावर प्रकाश पडतो. स्विचच्या तक्त्यात तो मॅक 17 नंबरच्या पोर्टवर दिसतो. 17 ची केबल फॉल्स सीलिंगमधून जाऊन स्टाफरूममध्ये उतरते, आणि तिथे स्टीलच्या कपाटामागे, चहाच्या किटलीशेजारी, दोन शिंगांचा पांढरा राउटर लुकलुकत असतो. फोनला रेंज मिळत नाही म्हणून कोणीतरी घरून आणलेला. केबल निळ्या खाचेत, म्हणजे वॅनमध्ये लावली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. ती पिवळ्या खाचेत, लॅनमध्ये गेली.

यावर कायमचा इलाज आहे, डीएचसीपी स्नूपिंग. स्विचला सांगायचे की अमुक एका पोर्टमधून आलेली ऑफर तेवढी खरी, बाकीच्या दारातच अडव. वात्स्यायनाला हा इलाज पटला नसता. स्विच सांगणाऱ्याचे ज्ञान तपासत नाही, तो कोणत्या दारातून आला एवढेच पाहतो. ते दार कोणते, हे पुन्हा एका माणसानेच टाइप केलेले असते. त्याने 24 ऐवजी 23 लिहिले की खरा सर्व्हरच तोतया ठरतो आणि सगळी लॅब 169.254 वर येते.

आणि एक गोष्ट असिस्टंटला दरवेळी नव्याने सांगावी लागते. तोतया राउटर उपटून टाकला म्हणून त्याने वाटलेले पत्ते परत येत नाहीत. त्यांची लीज चालूच असते, मशीन त्यांना धरून बसतात. प्रत्येकावर जाऊन आधी 'रिलीज' आणि मग 'रिन्यू' करावे लागते, किंवा मशीन नव्याने चालू करावे लागते. राउटर अकरा वाजता निघाला असला तरी तिसाव्या मशीनवर 10 ने सुरू होणारा पत्ता दिसेपर्यंत दुपारचे प्रॅक्टिकल बुडालेले असते.