लज्जा आणि ज्ञान

परीक्षा जवळ आल्या की अमरावती-अकोल्याच्या घराघरांतून जीवशास्त्राची उजळणी सुरू होते. हृदयाचे चार कप्पे, झडपा, धमन्या आणि शिरा हे सारे मुलगी मोठ्याने पाठ करते आणि वडीलधारी मंडळी कौतुकाने ऐकतात. मात्र मानवी प्रजननाचे प्रकरण उघडले की तिचा आवाज खाली येतो. कित्येक वर्गांत तर ‘हे घरी वाचून घ्या’ एवढे सांगून धडा संपविला जातो. शरीर एकच, परंतु त्याच्या एका भागाचे ज्ञान भूषण ठरते आणि दुसऱ्याचे दूषण. हा भेद इस्लामने केला आहे की आपल्या संकोचाने?

इस्लामने हयाला ईमानची शाखा मानले आहे. म्हणूनच अनेक पालकांना प्रामाणिकपणे वाटते की, या विषयाबाबत मौन पाळण्यातच शालीनता आहे. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही विचारले पाहिजे की, हया कशापासून रोखते? ती अश्लील प्रदर्शनापासून आणि वासनेला चाळविणाऱ्या भाषेपासून रोखते. सत्य जाणून घेण्यापासून ती रोखत नाही.

स्वतः पवित्र कुरआनने सूरह अल्-मोमिनूनच्या १२ ते १४ या आयतींत वीर्यबिंदूपासून गर्भाच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या घडणीचा उल्लेख केला आहे. माणसाने आपला उगम ओळखावा आणि निर्मात्यापुढे नम्र व्हावे, हा त्यामागील हेतू. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी स्त्रीच्या स्नानासंबंधी अत्यंत खाजगी प्रश्न प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना विचारला, तेव्हा प्रेषितांनी त्यांना न रागावता स्पष्ट उत्तर दिले. धर्माचे ज्ञान मिळविताना लज्जेला आड येऊ न देणाऱ्या अन्सारी स्त्रियांची हजरत आयेशा (रजि.) यांनी प्रशंसा केली आहे. तेराव्या शतकात हृदयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा मार्ग सांगणारे इब्ने नफीस हे वैद्य शाफई फिकहचेही जाणकार होते. शरीराचा अभ्यास आणि श्रद्धा यांत त्यांना विरोध दिसला नाही.

अज्ञानाची किंमत कोण चुकवते, हेही पाहिले पाहिजे. आईच्या प्रत्येक अंडपेशीत एक्स गुणसूत्र असते. पित्याच्या शुक्रपेशीत एक्स किंवा वाय. मुलगा होईल की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते आणि त्यावरही पित्याचा अधिकार चालत नाही. सूरह अश्-शूराच्या ४९ व्या आयतीनुसार कन्या व पुत्र देणे ही केवळ अल्लाहची इच्छा आहे. तरीही तिसरी मुलगी झाली म्हणून आजही सुनेलाच टोमणे ऐकावे लागतात. म्हणजे जे पान आपण लाजेपोटी उलटून टाकतो, त्याच पानावर एका निरपराध स्त्रीच्या निर्दोषत्वाचा पुरावा असतो. निरपराधावर ठपका ठेवणे हा जुलूम आहे, आणि अज्ञानाने केला म्हणून तो जुलूम हलका होत नाही. विशेषतः ज्ञान दाराशी आले असताना आपणच दार लावून घेतले असेल तर.

अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी ‘डफरीन’ आहे. हे नाव व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांची आठवण देते. भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टर व परिचारिकांकडून उपचार मिळावेत म्हणून त्यांनी १८८५ मध्ये निधी स्थापन केला होता. आपल्या घरच्या स्त्रीला स्त्री डॉक्टरच तपासावी, हा आपलाही आग्रह असतो आणि तो योग्यच आहे. परंतु ती डॉक्टर येणार कोठून? कोणा बापाने आपल्या मुलीला ते प्रकरण निःसंकोच अभ्यासू दिले असेल, तरच ना! आपल्या मुलीने शिकू नये आणि दुसऱ्याच्या मुलीने मात्र शिकून आपल्या सेवेस यावे, हा न्याय नव्हे.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. जिची ओळखच नाही, त्या अमानतीचे रक्षण कसे होणार? म्हणून मातांनी मुलींना आणि पित्यांनी मुलांना योग्य वयात, सभ्य शब्दांत हे सांगावे. शिक्षकांनी गांभीर्याने शिकवावे. शब्द शालीन असावेत, हेतू शुद्ध असावा. एवढे सांभाळले, तर लज्जाही राहील आणि ज्ञानही.