आधी पासबुक उघड, मग किंमत सांग

38 लाख. तुझ्या साइटची किंमत. कुणी काढली? तर म्हणे, इंटरनेटवर एक पान आहे, त्यात साइटचा पत्ता टाकला की ते दोन सेकंदांत आकडा देतं. फुकटात. आणि तो आकडा खरा की खोटा हे न तपासता तू तो साइट घ्यायला निघालेल्या एका शेती-औषध कंपनीच्या माणसाला पाठवूनही दिलास. शाबास!

तू कॉमर्सचा विद्यार्थी. ताळेबंद जुळल्याशिवाय बाकावरून न उठणारा. दुसऱ्याच्या खतावणीतली पाच रुपयांची चूक तुला लांबून दिसायची. आता स्वतःची वही उघडायची वेळ आली तर डोळे का मिटलेस? एखादा दुकानदार तुला म्हणाला असता, ‘माझ्या दुकानावरून रोज हजार माणसं जातात, म्हणून दुकान 38 लाखांचं’, तर तू त्याला पहिला प्रश्न काय विचारला असतास? गल्ला किती, हाच ना? मग तो स्वतःला का विचारत नाहीस?

ते पान काय करतं ते ऐक. तुझ्या साइटवर किती लोक येतात याचा बाहेरून अंदाज बांधतं, जाहिरातीचा कुठला तरी सरासरी दर लावतं आणि गुणाकार करतं. तुझं पासबुक त्याने पाहिलेलं नाही. तुझी साइट द्राक्षबागायतदारांची आहे हे त्याला ठाऊक नाही. ऑक्टोबर छाटणी झाली आणि मध्येच पाऊस पडला की सगळी बाग तुझ्या दारात येते. डाऊनी रोगाचं काय करू, घड जिरतायत, कुठली फवारणी घेऊ. मे महिन्यात कुत्रं फिरकत नाही. तू आकडा कधी काढलास? ऑक्टोबरमध्ये. भर हंगामातला एक महिना घेऊन त्याची बारा महिन्यांची किंमत झाली. हे तुला कळलं नाही असं मला सांगू नकोस. कळलं होतं. आकडा गोड वाटला म्हणून पुढे विचारलं नाहीस.

चल, हिशेब मी मांडतो. समज, वर्षाची सरासरी धरून जाहिरातींचे महिन्याला 40 हजार येतात. सर्व्हर, एसएमएस, किरकोळ दुरुस्त्या यांचे 8 हजार वजा. राहिले 32. आता तू रोज रात्री बसून भांडणं सोडवतोस, फुकट्या जाहिराती टाकणाऱ्यांना हाकलतोस, ते काम कोण करणार? घेणाऱ्याला त्यासाठी माणूस ठेवावा लागेल. 25 हजार वजा. राहिले 7. वर्षाचे 84 हजार. छोट्या साइटी साधारण दोन ते चार वर्षांच्या निव्वळ नफ्याला विकल्या जातात. तीन धर. 2 लाख 52 हजार. कुठे 38 लाख आणि कुठे अडीच? ‘पण सर, मी माझा पगार कधी धरलाच नाही.’ धरला नाहीस म्हणून तो खर्च नाहीसा होतो का? हे तुला अकरावीत शिकवलं होतं.

मग तू पुढचं शस्त्र काढलंस. म्हणे 60 हजार सभासद आहेत, आणि फेसबुकने 2014 मध्ये व्हॉट्सअॅप 19 अब्ज डॉलरना घेतलं तेव्हा माणशी 42 डॉलर पडले होते. भागाकार बरोबर आहे. पण तो 45 कोटी लोकांवर केलेला आहे, आणि ते 45 कोटी दर महिन्याला वापरणारे होते. तुझे 60 हजार कोण? एकदा नाव घालून गेलेले. त्यातले गेल्या तीस दिवसांत किती आले? किती जणांनी एक ओळ लिहिली? ‘बघायला हवं’ हे तुझं उत्तर. चार वर्षं साइट चालवतोस आणि बघायला हवं? साइटचं बोधचिन्ह तीनदा बदलायला वेळ होता, आणि हा एक आकडा बघायला नव्हता? वेळ होता. धाडस नव्हतं.

नुसत्या गर्दीला भुललेले तुझ्याहून मोठे लोक तोंडावर आपटलेत. मायस्पेस 2005 मध्ये 58 कोटी डॉलरना गेलं आणि 2011 मध्ये सुमारे साडेतीन कोटींना विकलं गेलं. डिग या साइटवर बातम्या वर-खाली करायचं काम लोक स्वतः करत. 2010 च्या ऑगस्टमध्ये मालकांनी सगळी रचनाच बदलली आणि मोठ्या प्रकाशकांना झुकतं माप दिलं. लोकांनी पहिलं पान प्रतिस्पर्धी रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकलं आणि निघून गेले. 2012 मध्ये डिगचं नाव आणि साइट सुमारे 5 लाख डॉलरना गेल्याच्या बातम्या आल्या. यंत्रं तीच होती, नाव तेच होतं. माणसं गेली होती.

गूगलच्या जिवावर उड्या मारणाऱ्यांचंही ऐक. डिमांड मीडिया ही कंपनी लोक काय शोधतात ते बघून हजारोंनी लेख पाडायची. जानेवारी 2011 मध्ये ती शेअर बाजारात आली तेव्हा तिचं बाजारमूल्य न्यूयॉर्क टाइम्स कंपनीपेक्षा जास्त होतं. पुढच्याच महिन्यात गूगलने पांडा नावाचा बदल आणला, भरताड लेख मागे ढकलायला सुरुवात केली आणि कंपनीची कळाच गेली. तुझ्याकडे येणाऱ्यांपैकी गूगलवरून येणारे किती आणि थेट पत्ता टाकून येणारे किती? हेही बघायला हवं, नाही का?

आता कागदांकडे ये. डोमेन कुणाच्या नावावर आहे? तुझ्या मेव्हण्याच्या, कारण त्या दिवशी कार्ड त्याचं चाललं. चार वर्षांत ते बदलून घेता आलं नाही? सभासदांचे मोबाइल नंबर तू मालमत्तेत धरलेस. ते तू काय सांगून घेतलेस? ओटीपीसाठी. मग ते औषध कंपनीच्या हाती देण्याचा हक्क तुला कुणी दिला? 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा स्पष्ट आहे: माहिती ज्या कामासाठी संमती घेऊन मिळवली, त्याच कामाला वापरायची. आणि लोकांचं लेखन? 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याचा हक्क लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. तुझ्या नियम-अटींचं पान तू दुसरीकडून उचललंस, त्यात काय लिहिलंय ते वाचलंही नाहीस. जे तुझं नाही ते तू विकायला काढलंस.

पण माझा खरा राग याचाही नाही.

तुझ्या साइटवर नाशिककडचे एक निवृत्त कृषी अधिकारी आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. गेल्या हंगामातला एक प्रश्न मी वाचला. रात्री दहा वाजता एकाने पानाचा फोटो टाकला, वर पिवळट डाग. खाली चौघांनी चार औषधांची नावं ठोकली. काकांनी एकही नाव घेतलं नाही. विचारलं, पानाच्या मागचा फोटो टाका. छाटणीला किती दिवस झाले? पाऊस कधी पडला? शेवटची फवारणी कसली? मागच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली तेव्हा कुठे म्हणाले, डाऊनी आहे. मग औषध, प्रमाण, आणि शेवटी एक ओळ: निर्यातीचा माल असेल तर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते आधी बघा.

या एका ओळीचं मोल तुला कळतं का? 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश सापडले म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपने नाकारले होते. बागायतदारांची वर्षाची मेहनत बंदरात अडकली. असल्या चुकीपासून वाचवणारा माणूस तुझ्याकडे फुकट बसतो, रात्री दहाला उत्तर देतो. आणि तू काय केलंस? तुझ्या जाहिरातदाराचं औषध या अवस्थेत नको असं त्यांनी लिहिलं, तर तू ती ओळ काढून टाकलीस. न विचारता. न सांगता. त्यानंतर त्यांनी काही लिहिलेलं मला दिसलं नाही. तुझ्या ते लक्षातही आलं नाही, कारण तू गर्दीचा आलेख बघत होतास.

तुझ्या साइटची किंमत काकांसारख्या दहा-बारा जणांत आहे. बाकीचे हजारो लोक त्यांचं वाचायला येतात. ही दहा-बारा माणसं कुठल्याही पानाच्या गुणाकारात सापडत नाहीत, आणि विक्रीच्या कागदावर सही करून हातीही देता येत नाहीत. रेडिटसारख्या कंपनीला हे कळायला जून 2023 उजाडावा लागला. तिच्या नव्या शुल्काविरुद्ध विनामोबदला काम करणाऱ्या नियंत्रकांनी हजारो समूह बंद करून ठेवले होते. मार्च 2024 मध्ये शेअर विकायला काढताना काही हिस्सा त्या नियंत्रकांसाठी आणि वापरकर्त्यांसाठी राखून ठेवावा लागला. तू साधं ‘काका, रागावलात का?’ असंही विचारलं नाहीस.

आणि कंपनी का घेतेय, याचा विचार केलास? तिला तुझा कोड नकोय. बागायतदार ज्याच्या शब्दावर औषध घेतो तो शब्द तिला हवाय. तो तिच्या हाती गेल्याचं पहिल्या हंगामातच लोकांना कळेल. शेतकऱ्याला तू काय समजतोस? डिगवर झालं तेच होईल, आणि तुझ्या नावाने होईल.

विकायचं असेल तर वीक. तो तुझा अधिकार आहे. पण खोटा आकडा सांगून नाही, आणि दुसऱ्याच्या नंबरांवर नाही. ही साइट तू उभी केलीस. कुणाच्या मदतीशिवाय, नोकरी सांभाळून. ज्याला हे जमलं त्याला हिशेब मांडायला जड जात नाही. म्हणूनच तुला सोडत नाही.

रविवारी सकाळी घरी ये. बारा महिन्यांचं पासबुक आण. तीस दिवसांत कितीजण आले, किती जणांनी लिहिलं, हे दोन आकडे आण. डोमेन तुझ्या नावावर झाल्याचा कागद आण. नियम-अटी छापून आण, मिळून वाचू. त्याआधी दोन कामं आजच कर. कंपनीला कळव की 38 लाखांचा आकडा मी मागे घेतो. आणि काकांची ओळ जिथे होती तिथे परत लाव, मग त्यांना फोन करून माफी माग.