शब्दाचा मार

‘शहाण्याला शब्दाचा मार’ ही म्हण मला फार आवडायची. थोडक्यात बोलावं, समोरच्यानं ओळखून घ्यावं, यात एक सभ्यपणा आहे. विमान अपघातांविषयी वाचू लागल्यापासून मात्र तिची भीती वाटते.

२७ मार्च १९७७. तेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दाट धुकं. उड्डाणासाठी धावू लागलेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, की समोरचं पॅन ॲमचं विमान अजून बाजूला झालेलं नाही. त्यानं ती दबकत, प्रश्न म्हणून विचारली. कॅप्टन कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक. त्यानं ठामपणे झटकून टाकली. इंजिनिअर पुढं बोलला नाही. दोन्ही विमानांची टक्कर झाली, ५८३ माणसं गेली.

१९७९ साली नासानं घेतलेल्या कार्यशाळेत चर्चा वैमानिकाच्या कौशल्यावरून कॉकपिटमधल्या आपसातल्या बोलण्याकडे वळली. पुढं प्रशिक्षणं सुरू झाली: कनिष्ठानं स्पष्ट बोलावं, कॅप्टननं ऐकावं. पण सगळे एकाच रीतीनं बोलतात, हे त्यात गृहीत धरलेलं होतं.

२५ जानेवारी १९९०. कोलंबियाहून आलेलं आव्हियान्काचं विमान खराब हवेमुळे तासाहून अधिक काळ न्यूयॉर्कच्या वाटेवर घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलेलं. कॅप्टन सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगत होता, आणीबाणी आहे म्हणून कळव. सहवैमानिकानं आधी नियंत्रकाच्या सूचनेला होकार भरला, मग इंधन संपत असल्याचं त्याला जोडलं, शेवटी अदबीनं ‘सर’ही म्हटलं. ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारलाच नाही. नियंत्रकाच्या लेखी आणीबाणी त्या शब्दानंच सुरू व्हायची. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, ७३ जण दगावले.

हा सहवैमानिक मला परका वाटत नाही. साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून ‘जरा अडचण होती’ म्हणणारा माणूस आपल्या प्रत्येक कचेरीत भेटतो. त्या ‘जरा’चं वजन आपल्याला कळतं. दूरच्या माणसाला ते कसं कळावं?

मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्येच सांगितलं होतं, की काही समाजांत अर्थ मुख्यतः शब्दांत असतो, तर काहींत प्रसंगात, नात्यात, न बोललेल्यात. १९८० मध्ये खेर्त हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून देशोदेशींचं वरिष्ठ-कनिष्ठांमधलं अंतर मोजलं. मोलाचं काम, पण पुढं त्याचे शिक्के झाले, अमक्या देशाचे लोक असेच. हे मला पटत नाही. हॉफस्टेड यांच्याच मोजणीत नेदरलँड्समध्ये ते अंतर कमी आहे, आणि तेनेरिफला गप्प बसलेला इंजिनिअर डचच होता. देशाइतकाच हुद्दाही जीभ बांधतो.

म्हणून मला ऐकणाऱ्याकडे बघावंसं वाटतं. दबकत आलेला प्रश्न हीच सूचना आहे, हे त्यानं ओळखायला हवं. ऑपरेशन थिएटरमध्येही हाच प्रश्न येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी-यादी दिली. तिच्यानुसार पहिला छेद घेण्याआधी उपस्थितांपैकी प्रत्येकजण आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगतो. एकदा आवाज फुटला, की दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं. मला त्यातला तो थांबा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. परिचारिका आपलं नाव सांगत असते, आणि तेवढा वेळ सुरी बाजूला ठेवून सर्जन ऐकत असतो.